फुलांचा थर वेगळा, माणसांचा वेगळा : डे ला सोलच्या पहिल्या अल्बमचे कव्हर

1989 च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय या कंपनीने डे ला सोल या रॅप गटाचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ बाजारात आणला. लाँग आयलंडवरच्या अ‍ॅमिटीव्हिल गावातली तीन पोरे, म्हणजे केल्विन मर्सर (पॉस्डनूस), डेव्हिड जोलिकोअर (ट्रुगॉय) आणि व्हिन्सेंट मेसन (मेसिओ), आणि त्यांचा निर्माता प्रिन्स पॉल यांचा हा पहिला अल्बम. 24 तुकडे, मधेमधे खोट्या प्रश्नमंजूषेचे प्रसंग, आणि कंट्री संगीतापासून फंकपर्यंत कुठूनही उचललेले ध्वनी. संगीतावर भरपूर लिहिले गेले आहे. इथे फक्त कव्हर आणि वेष्टन पाहायचे आहे: ते कसे बनले, छापताना कुठे अडते, आणि त्याचे पुढे काय झाले.

आधी वर्णन. भडक पिवळी जमीन. मधोमध तीन डोकी, कृष्णधवल छायाचित्रातली, एकमेकांना चिकटून त्रिकोणात मांडलेली. त्यांच्याभोवती हाताने काढलेली गुलाबी, हिरवी, चमकदार फुले आणि तितकीच हाताने काढलेली अक्षरे. गाडी नाही, साखळी नाही, गल्ली नाही, बंदूक नाही. छायाचित्रात पार्श्वभूमीच नाही, त्यामुळे ही माणसे कुठल्या शहरातली, कुठल्या ऋतूतली, किती पैसेवाली, काहीच कळत नाही. चेहरे आणि रंग, एवढाच ऐवज.

या कव्हरबद्दल बोलताना बहुतेक जण फुलांवर थांबतात. ‘हिप्पी’, ‘साठचे दशक परत आले’ असे म्हणून मोकळे होतात. आमच्या मते ते वाचन अर्धवट आहे. या चित्राची खरी गोष्ट त्याच्या बांधणीत आहे. ते दोन वेगळ्या थरांचे आहे, दोन्ही थर वेगळ्या हातांनी, वेगळ्या साधनांनी तयार झाले, आणि एकमेकांत मिसळले नाहीत. पुढे या कव्हरच्या वाट्याला जे बरेवाईट आले ते या न मिसळण्यातूनच आले.

दुकानातले शेजारी

कव्हर एकटे पाहून चालत नाही. ते ज्या रांगेत उभे होते ती रांग आठवावी लागते. 1987 मध्ये एरिक बी. आणि राकिम यांचा ‘पेड इन फुल’ आला: जाड सोन्याच्या साखळ्या, हार्लेमचा शिंपी डॅपर डॅन याने शिवलेली जाकिटे आणि नोटा. 1988 मध्ये पब्लिक एनिमीचा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’: कोठडीच्या गजांआड चक डी आणि फ्लेवर फ्लेव्ह, छायाचित्र ग्लेन फ्रीडमनचे. त्याच वर्षी बूगी डाउन प्रॉडक्शन्सच्या कव्हरवर केआरएस-वन खिडकीशी बंदूक घेऊन उभा, कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या प्रसिद्ध छायाचित्राच्या पवित्र्यात. आणि त्याच सुमारास एन.डब्ल्यू.ए.चा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’.

ही सगळी कव्हरे उत्तम आहेत, त्यांना कमी लेखायचे कारण नाही. पण त्यांची भाषा एक होती. खरे ठिकाण, पूर्ण देह, अंगावरची वस्तू, आणि ‘आम्ही इथे उभे आहोत’ असे ठणकावणारी भूमिका. डे ला सोलच्या कव्हरने यातले प्रत्येक कलम काढून टाकले. ठिकाण गेले, देह गेला, वस्तू गेल्या. उभे राहणेही गेले, कारण ते तिघे आडवे आहेत.

जमिनीवर झोपलेली माणसे

कव्हर केले ग्रे ऑर्गनायझेशन, म्हणजे जीओ, या लंडनच्या कलाकार गटाने. करडे सूट घालून वावरणारी ही मंडळी 1985 मध्ये लंडनच्या कॉर्क स्ट्रीटवरील कलादालनांच्या काचांवर करडा रंग फेकून गाजली आणि पुढे न्यूयॉर्कला आली. त्यांच्यातल्या टोबी मॉट यांनी या कव्हरच्या कृतीबद्दल नंतर लिहिले आहे, त्यामुळे इथे अंदाज करावा लागत नाही. तिघांना जमिनीवर तोंड वर करून झोपवले, डोक्यांचा त्रिकोण केला आणि घडीच्या शिडीवरून खाली लटकत छायाचित्रे घेतली. हेतू असा की कव्हरला ‘सरळ’ अशी एकच बाजू राहू नये.

इथे ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ शेजारी ठेवून पाहावा. तिथे छायाचित्रकार एरिक पॉपलटनने कॅमेरा जमिनीशी ठेवला आहे. सहा जण वरून वाकून पाहत आहेत आणि ईझी-ईच्या हातातले पिस्तूल थेट भिंगावर रोखलेले आहे. म्हणजे झोपलेला, पडलेला माणूस कोण? पाहणारा. डे ला सोलच्या कव्हरमध्ये कॅमेऱ्याची रेषा तीच, सरळ वर-खाली, फक्त टोके बदलली आहेत. आता पाहणारा वर आहे आणि गायक खाली, गळा उघडा, डोळे वर. काही महिन्यांच्या अंतराने आलेल्या या दोन कव्हरांनी एकच अक्ष दोन बाजूंनी वापरला. एकाने दुसऱ्याला उत्तर दिले असे म्हणण्याला आधार नाही, पण दोन्ही शेजारी ठेवली की वरून पाहणे आणि खालून पाहणे यात सत्तेचा हिशोब कसा उलटतो, ते कुणालाही दिसते.

असे छायाचित्र घ्यायला सोपे वाटते. घेताना चार गोष्टी बिघडतात.

पहिली, अंतर. तीन डोक्यांसाठी साधारण 80 सेंमीचा चौरस लागतो. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर 50 मिमी भिंग लावले तर चौरस चौकटीसाठी कॅमेरा चेहऱ्यांपासून सुमारे 1.7 मीटर वर हवा. रुंद भिंग लावून जवळ गेले की नाके मोठी होतात आणि कडेचे डोके बाहेर ताणले जाते. शिडी म्हणूनच लागते, खुर्ची पुरत नाही.

दुसरी, प्रकाश, आणि इथे बहुतेक नकला फसतात. प्रकाश वरून येतो असे आपला डोळा धरून चालतो. एका बाजूने दिवा मारला की नाकाची सावली दुसऱ्या बाजूला पडते आणि चित्राला लगेच ‘वर’ आणि ‘खाली’ मिळते. मग कव्हर कसेही फिरवा, सरळ बाजू एकच वाटते. दिशा नको असेल तर प्रकाश चहूबाजूंनी सारखा हवा: दोन मोठे मऊ दिवे समोरासमोर, किंवा छताला पांढरा कागद लावून त्यावरून परतवलेला उजेड.

तिसरी, देह. माणूस उताणा झोपला की गाल कानांकडे सरकतात, हनुवटीखालचे मांस मागे जाते, चेहरा कोवळा दिसतो. या कव्हरला ते साजून गेले. रागीट चेहरा हवा असेल तर ही पद्धत विरोधात जाते. केस मात्र मागून दाबले जातात, म्हणून डोक्याखाली पातळ उशी मानेपुरतीच ठेवावी.

चौथी साधी पण महत्त्वाची: खाली माणसे आहेत. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आणि शिडीचे पाय दुसऱ्या माणसाच्या हातात, हे आधी ठरवून घ्यावे.

अ‍ॅसिटेटवरची फुले

आता दुसरा थर. मॉट यांनी सांगितलेली कृती अशी: कृष्णधवल छायाचित्राच्या मोठ्या प्रिंटवर पारदर्शक अ‍ॅसिटेटचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) पत्रे ठेवले, त्या पत्र्यांवर पोस्का पेनांनी फुले व अक्षरे काढली, आणि हा सगळा थर एकत्र कॅमेऱ्याखाली धरून पुन्हा टिपला. संगणक आणि स्कॅनर यांचा वापर रुळण्याआधीचे हे काम आहे.

पोस्का हे पाण्यात मिसळलेल्या रंगद्रव्याचे मार्कर. त्याचा गुण म्हणजे ते अपारदर्शक आहे. साध्या फेल्ट पेनाचा रंग पारदर्शक असतो, खालचे करडे त्यातून डोकावते आणि रंग मळतो. पोस्काचा गुलाबी काळ्या केसांवर काढला तरी गुलाबीच राहतो. म्हणूनच फुले छायाचित्रात मिसळलेली दिसत नाहीत, त्यावर चिकटवल्यासारखी दिसतात. जुन्या स्टुडिओत कृष्णधवल फोटो हाताने रंगवत तेव्हा उद्देश उलटा असायचा: गाल गुलाबी, शेला हिरवा, आणि मूळ फोटो रंगाखाली लपला पाहिजे. इथे फोटोला एकही थेंब लागलेला नाही. चेहरे करडेच राहिले. तीन काळ्या तरुणांच्या त्वचेवर कुणी खोटा रंग चढवला नाही, हा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आज हीच कृती हाताने करून पाहायची असेल तर:

छायाचित्राचा प्रिंट छापील आकाराच्या दीडपट घ्यावा. 31 सेंमीच्या कव्हरसाठी 45 ते 47 सेंमीचा चौरस पुरतो. मोठे काढून लहान केले की पेनाच्या कडांचा थरथराट झाकला जातो. त्यापेक्षा मोठे घेतले तर रेषा बारीक होऊन हातकामाचा जिवंतपणा जातो. प्रिंट अगदी चकचकीत नसावा.

अ‍ॅसिटेट किंवा पॉलिएस्टरचा पत्रा साधारण 0.1 मिमी जाडीचा घ्यावा. पातळ पत्रा रंग वाळताना आकसून लाटा धरतो. प्रिंटच्या चार कोपऱ्यांवर बारीक फुल्या काढून त्याच जागी प्रत्येक पत्र्यावर फुल्या काढाव्यात. यांनाच छापखान्यात रजिस्टरच्या खुणा म्हणतात. पत्रा एका कडेने टेपने बिजागरीसारखा लावला तर उचलून परत तंतोतंत बसतो.

काढण्यापूर्वी पत्रा स्पिरिटने पुसावा, कारण बोटाच्या तेलकट ठशावर पाण्याचा रंग गोळा होतो. पहिला हात पट्टेदार येतो. तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच दुसरा हात द्यावा. ओल्यावर दुसरा हात दिला तर पेनाचे टोक खालचा थर खरवडून काढते. वाळलेला रंग पत्र्यात मुरत नाही, नुसता वर बसतो, म्हणून पत्रा गुंडाळला की तडकून पापुद्रे निघतात. पत्रा सपाटच ठेवावा, मधे बटर पेपर.

शेवटी छायाचित्रण. पत्रा आणि प्रिंट यांत फट राहिली की प्रत्येक फुलाची बारीक सावली चेहऱ्यावर पडते. कुणाला ती आवडते, पण ती हवी की नको हे ठरवून करावे. नको असेल तर वर स्वच्छ जाड काच दाबून ठेवावी. काच आणि पत्रा यांच्यात कधी इंद्रधनुषी कडी उमटतात. अशा वेळी काच किंचित उचलून पुन्हा ठेवावी. दिवे दोन्हीकडून 45 अंशांत, म्हणजे चमक भिंगात शिरत नाही.

फ्लोरोसंट पेन वापरले तर आणखी एक अडचण आहे. ते रंग अतिनील आणि निळा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगात परत टाकतात, म्हणून डोळ्याला कागदापेक्षाही उजळ दिसतात. फिल्म किंवा सेन्सर तो उजेड वेगळ्या प्रमाणात पकडतो. भडक गुलाबी नारिंगीकडे झुकतो, पिवळा पांढुरका होतो. छायाचित्राचे एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करून (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) दोन-तीन प्रती घ्याव्यात आणि रंग नंतर जुळवावेत.

संगणकावर करताना हमखास होणारी चूक इथेच सांगतो. फुलांचा थर ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये, म्हणजे वरचा रंग खालच्यात मिसळणाऱ्या पद्धतीत, ठेवला की ती लगेच पारदर्शक होतात आणि फोटोत बुडतात. पोस्काचा परिणाम ‘नॉर्मल’मध्येच मिळतो, शंभर टक्के अपारदर्शक.

पिवळ्या जमिनीवर गुलाबी

चार रंगांच्या छपाईत पिवळी जमीन ही हुशार निवड आहे. पिवळा ही चार मूळ शाईंपैकी (निळसर सायन, गडद गुलाबी मॅजेंटा, पिवळी, काळी) एक, म्हणून तो पूर्ण भरून छापला तर त्यात ठिपके नसतात, जमीन सपाट आणि तेजस्वी येते. नारिंगी किंवा जांभळी जमीन घेतली असती तर दोन शाया एकमेकींवर बसवाव्या लागल्या असत्या आणि पानागणिक छटा हलली असती. शिवाय पिवळ्यावर काळे हे दुरून वाचण्यासाठी सर्वांत खात्रीचे जोडपे. करड्या-काळ्या चेहऱ्यांना ही जमीन पुढे ढकलते.

पण त्याच जमिनीवर फुलांचे रंग सारखे वागत नाहीत. हिरवा सोपा. पिवळ्यावर निळसर सायन शाई बसली की हिरवा आपोआप होतो, खालचा पिवळा कापावा लागत नाही. गुलाबी अवघड. पिवळ्यावर मॅजेंटा छापला तर तो लाल होतो. गुलाबी हवा असेल तर त्या फुलाच्या आकाराइतका पिवळा तळातून कापावा लागतो आणि मॅजेंटा नेमका त्या भोकात बसवावा लागतो. छपाईत कागद एक-दोन दशांश मिलिमीटर सरकला तरी एका कडेला पांढरी चीर आणि समोरच्या कडेला लाल किनार दिसते. छापखान्यात याला रजिस्टर हलले म्हणतात. उपाय दोन. दोन्ही रंग कडेला किंचित एकमेकांवर चढवायचे, साधारण 0.1 ते 0.2 मिमी, किंवा फुलाला जाड काळी बाह्यरेषा द्यायची आणि चूक तिच्याखाली दडवायची. व्यंगचित्राची काळी रेषा म्हणून नुसती शैली नसते, ती छपाईची सोयही असते.

निळा सर्वांत वाईट. पिवळा न कापता वर छापला तर तो मळकट हिरवा होतो. म्हणून पिवळ्या जमिनीवर निळ्याला हात लावायचाच असेल तर तो मोठ्या आकारात लावावा, बारीक देठांत नाही.

खरा फ्लोरोसंट रंग चार शायांतून येतच नाही, कारण त्या शाया फक्त प्रकाश शोषतात, उलट टाकत नाहीत. तो हवा असेल तर पाचवी खास शाई घ्यावी लागते, पँटोन या, रंगांना क्रमांक देणाऱ्या कंपनीच्या 800 क्रमांकांच्या मालिकेतली. ही शाई पातळ बसते, म्हणून अनेकदा दोन हात द्यावे लागतात, कागद पांढराशुभ्र लागतो, आणि उन्हात ती लवकर उतरते. दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेली प्रत आणि कपाटातली प्रत काही महिन्यांतच वेगळी दिसू लागते. छोट्या आवृत्तीसाठी तरी आम्ही एकच फ्लोरोसंट शाई सुचवू, गुलाबी, कारण मॅजेंटाच्या प्लेटची जागा तीच घेऊ शकते आणि खर्च चार शायांतच राहतो. मात्र कृष्णधवल चेहरे अशा वेळी फक्त काळ्या शाईत छापावेत. चार शायांचे करडे केले तर गालांवर गुलाबी झाक येते.

एलपीपासून कॅसेटपर्यंत

मॉट लिहितात की त्या वेळी सीडी अजून मुख्य झाली नव्हती आणि एलपीचे कव्हर हेच आपले म्हणणे मांडायचे सर्वांत प्रभावी ठिकाण होते. पण 1989 मध्ये रॅप मोठ्या प्रमाणावर कॅसेटवर ऐकला जात होता, म्हणजे प्रत्यक्षात हे चित्र अनेकांनी फार लहान पाहिले.

एलपीचे कव्हर सुमारे 31.4 सेंमी चौरस, म्हणजे जवळजवळ 985 चौरस सेंमी. सीडीची पुस्तिका 12 सेंमी, 144 चौरस सेंमी: सातवा हिस्सा. कॅसेटच्या दर्शनी पानाची रुंदी साधारण 6.5 सेंमी, त्यात चौरस बसवला तर 42 चौरस सेंमी: तेविसावा हिस्सा. एलपीवर 4 मिमी जाडीची रेषा सीडीवर दीड मिमी होते, कॅसेटवर 0.8 मिमी. मोबाइलच्या यादीत 1 सेंमीच्या चौकोनात ती 0.13 मिमी उरते, म्हणजे दिसत नाही.

चौरस चित्र उभ्या पानात बसवताना दोनच मार्ग असतात: वर-खाली पट्टे सोडणे, किंवा कडा कापून चित्र वाढवणे. ठिकाण दाखवणाऱ्या छायाचित्राला दुसरा मार्ग जड जातो, कारण संदर्भ कापला जातो. इथे जमीन सपाट पिवळी आणि फुले सुटी. जमीन वर-खाली हवी तितकी वाढवता येते, दोन फुले इकडची तिकडे सरकवता येतात, आणि कुणालाही काही हरवल्यासारखे वाटत नाही. त्या काळी अमेरिकेत सीडी 12 इंच उंच आणि 6 इंच रुंद पुठ्ठ्याच्या लांब खोक्यात विकत असत, म्हणजे एलपीच्या रकान्यात त्या उभ्या राहत. 1993 मध्ये ही खोकी बंद झाली. असल्या विचित्र प्रमाणालाही दोन थरांचे चित्र सहज पुरते.

कुठलीच बाजू सरळ नसलेल्या चित्राची कल्पना मात्र अक्षरांपाशी अडते. चेहरे कसेही फिरवले तरी चालतात, नाव एकाच बाजूने वाचता येते. ही तडजोड टाळायची असती तर नाव चारही कडांनी फिरवत न्यावे लागले असते. कॅसेटच्या आकारात ते कुणी वाचले नसते. दुकानात नाव सापडणे महत्त्वाचे, म्हणून नाव सरळ राहिले, हे योग्यच झाले.

आज मराठीत रॅप करणाऱ्या बहुतेकांचे गाणे थेट यूट्यूब आणि स्पॉटिफायवर येते, आणि कव्हर म्हणजे 3000 × 3000 पिक्सेलची एक फाइल असते. काम सुरू करतानाच ती 60 पिक्सेलला लहान करून पाहावी. त्या आकारात या कव्हरचे काय उरते? पिवळा चौकोन आणि तीन गडद गोल. तेवढ्यावर ते ओळखू येते. फुले तिथे नुसता पोत होतात.

फूल सुटून निघाले

दोन थरांचा दुसरा परिणाम कुणाच्या मनात नव्हता. डेझीचे फूल हे जीओने बाहेरून आणलेले नव्हते. ‘डी.ए.आय.एस.वाय. एज’ ही गटाचीच घोषणा होती, ‘डा इनर साउंड, याल’ याची आद्याक्षरे, म्हणजे आपल्या आतला आवाज. पण छापील फूल हे फूलच दिसते. आद्याक्षरे कुणी वाचली नाहीत. आणि फुलांचा थर छायाचित्रापासून मोकळा असल्यामुळे तो सहज उचलता आला: जाहिरातीत, कपड्यांवर, लेखांच्या मथळ्यांशेजारी. तीन चेहरे मागे राहिले, फूल पुढे गेले, आणि त्याच्याबरोबर ‘हिप्पी’ हा शिक्का. गटाला तो कधीच मान्य नव्हता.

इथे दोष कुणाचा हा प्रश्न आम्ही रचनेच्या बाजूने पाहतो. कव्हरवर जो भाग सुटा, सोपा आणि रेषेत काढलेला असतो, तोच बोधचिन्ह होतो, तुम्ही ठरवा किंवा नका ठरवू. छायाचित्र बोधचिन्ह होत नाही, ते टी-शर्टवर नीट छापले जात नाही आणि दुसऱ्या माणसाच्या हाताने पुन्हा काढता येत नाही. फूल शाळकरी मूलही काढते. म्हणून कव्हर आखताना ‘यातले काय सुटून निघेल’ हा प्रश्न आधी विचारावा, आणि जे सुटेल त्यात आपले म्हणणे आहे का ते तपासावे. इथे म्हणणे आद्याक्षरांत होते आणि ती चित्रात नव्हती. फुलाच्या पाकळ्यांत पाच अक्षरे आली असती तर निदान गैरसमजाला अडथळा झाला असता.

1991 मध्ये गटाने स्वतःच उत्तर दिले. दुसऱ्या अल्बमचे नाव ‘डे ला सोल इज डेड’, आणि कव्हरवर आडवी पडलेली, फुटलेली कुंडी व कोमेजलेल्या डेझी. चेहरे नाहीतच. म्हणजे पहिल्या कव्हरचा वरचा थर तेवढा घेतला आणि तोच मारला. ज्यांनी पहिले कव्हर पाहिले नव्हते त्यांना दुसरे कळणे कठीण, तरीही या निर्णयाबद्दल आम्हाला आदरच आहे. स्वतःचे सर्वांत ओळखीचे चिन्ह दोन वर्षांत मोडायला धैर्य लागते.

प्रत हातात घेऊन तपासताना

सॅम्पलच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांतून उचललेल्या तुकड्यांच्या, परवानग्यांच्या गुंत्यामुळे हा अल्बम अनेक वर्षे स्ट्रीमिंगवर नव्हता. 2021 मध्ये रिझर्व्हॉर कंपनीने टॉमी बॉय विकत घेतली आणि 3 मार्च 2023 रोजी तो सगळीकडे उपलब्ध झाला. ट्रुगॉय त्याआधी जेमतेम तीन आठवडे, 12 फेब्रुवारीला वारला. नव्या छापील प्रतीही आल्या. त्यामुळे आता जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून अभ्यास करता येतो.

साधने थोडी लागतात: दहापट मोठे दाखवणारे छपाईचे भिंग, 5000 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा, एक अतिनील टॉर्च आणि पट्टी. आधी पिवळी जमीन भिंगाखाली पाहावी. ठिपके नसतील तर शाई पूर्ण भरून छापली आहे. ठिपके दिसले तर पिवळ्यात दुसरी शाई मिसळली आहे किंवा प्रतिमा स्कॅनमधून आली आहे. मग एका गालावर जावे. फक्त काळे ठिपके असतील तर चेहरे एका शाईत आहेत. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसली तर करडा चार शायांचा आहे. त्यानंतर गुलाबी फुलांच्या कडा: पांढरी चीर कोणत्या बाजूला आहे ते सगळ्या फुलांवर पाहावे. सगळीकडे एकाच बाजूला असेल तर ती त्या प्रतीच्या छपाईतली हालचाल, मूळ चित्रातली नाही. अतिनील टॉर्च मारल्यावर गुलाबी पेटल्यासारखा दिसला तर शाई फ्लोरोसंट. कागद निळसर चमकला तर त्याचा अर्थ एवढाच की कागदात उजळवणारे रसायन आहे. हे दोन गोंधळू नयेत.

पुनर्मुद्रणात सर्वांत जास्त सापडणारा दोष म्हणजे मूळ आर्टवर्क हाती नसल्याने जुने छापील कव्हरच स्कॅन करून वापरणे. ओळखायची खूण अशी: ठिपक्यांच्या आत ठिपके, सपाट भागात लाटांसारखी नक्षी, केसांतले बारीक तपशील बुजून एकसंध काळे, आणि फुलांची धार मऊ. असे स्कॅन दुरुस्त करताना लाटा घालवायला प्रतिमा अस्पष्ट करतात आणि मग तीक्ष्ण करतात. त्यात चेहरा आणि फूल दोघांनाही एकच गाळणी लागते. कुठल्याही आवृत्तीची नक्कल किंवा पुनर्मुद्रण करणाऱ्याने म्हणून दोन वेगळ्या फाइली ठेवाव्यात, छायाचित्राची करड्या छटांत 600 पीपीआयला (दर इंचाला तितके पिक्सेल) आणि फुला-अक्षरांची 1200 पीपीआयला किंवा रेषांच्या स्वरूपात, आणि त्या छापखान्यात प्लेट बनतानाच एकत्र आणाव्यात.